जुन्या कन्सोलांची तुलना हातात पॅड घेऊन व्हावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलांवर प्रसिद्ध झालेला दीर्घ लेख मी दोनदा वाचला. एका मराठी वृत्तपत्राने या विषयाला पूर्ण पान दिले, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या यंत्रांकडे लहान मुलांची खेळणी म्हणून पाहण्याची सवय अजून गेलेली नाही. परंतु त्या लेखात सेगाचा मेगा ड्राइव्ह आणि निन्टेन्डोचा सुपर निन्टेन्डो या दोन प्रतिस्पर्धी कन्सोलांवरील आर्केड पद्धतीच्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या सार्वजनिक यंत्रांच्या धाटणीच्या, खेळांची जी तुलना केली आहे, ती जवळजवळ पूर्णपणे रंगांच्या संख्येवर, शेजारीशेजारी छापलेल्या स्थिर चित्रांवर आणि संगीताच्या गोडव्यावर उभी आहे, आणि तेवढ्याच आधारावर आर्केडचा अनुभव घरी आणण्यात सुपर निन्टेन्डो निर्विवाद सरस ठरल्याचा निर्वाळा लेखकाने दिला आहे. हा निर्वाळा मला मान्य नाही. मेगा ड्राइव्हची बाजू घेण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. दोन्ही यंत्रे मी वर्षानुवर्षे वापरली आहेत आणि दोन्हींवर माझे प्रेम आहे. माझा आक्षेप तुलनेच्या मोजपट्टीवर आहे.

आर्केडमधला खेळ हा मुळात कसा असतो, याचा विचार आधी व्हायला हवा होता. तिथे खेळणाऱ्याला गोष्ट सांगत बसायला वेळ नसतो. नाणे टाकल्यापासून काही सेकंदांत खेळ अंगावर येतो, शत्रू घोळक्याने येतात, शेजारी दुसरा खेळाडू उभा असतो, आणि हाताने जॉयस्टिक वळवली की पडद्यावरची आकृती त्याच क्षणी वळते. त्या काळातली आर्केड यंत्रे सेकंदाला साधारण ६० चित्रे दाखवीत, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकत असे, आणि खेळाची सगळी रचना याच ठोक्यावर बसवलेली असे. उडी कधी मारायची, ठोसा किती लवकर परत घेता येतो, गोळ्यांच्या कोणत्या फटीतून विमान बाहेर काढायचे, हे सारे या ठोक्यांच्या हिशेबाने हाताला सवयीचे होते. म्हणूनच घरच्या कन्सोलवर असा खेळ आणताना चार गोष्टी टिकल्या का, हे पाहावे लागते: वेग टिकला का, शत्रूंची गर्दी टिकली का, जोडीदार टिकला का, आणि बटणांची मांडणी हाताला तीच राहिली का. यांपैकी एकही गोष्ट छापील चित्रात दिसत नाही. वेग अर्ध्यावर आला तरी थांबवलेले चित्र तितकेच देखणे राहते.

लेखातील तांत्रिक आकडे बरोबर आहेत, पण ते अर्धेच आहेत. सुपर निन्टेन्डो ३२,७६८ रंगांतून एका वेळी २५६ रंग दाखवू शकतो आणि मेगा ड्राइव्ह ५१२ रंगांतून ६४, हे खरे आहे. मात्र १९८८ मध्ये जपानमध्ये आलेल्या मेगा ड्राइव्हमध्ये मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर सुमारे ७.६७ मेगाहर्ट्झवर चालत होता, आणि तोच ६८००० त्या काळच्या कितीतरी आर्केड यंत्रांत होता: सेगाच्या सिस्टिम १६ या आर्केड बोर्डात तो होता, कॅपकॉमच्या ज्या बोर्डावर स्ट्रीट फायटर २ चालत असे त्यातही होता. दोन वर्षांनी, १९९० मध्ये आलेल्या सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चालतो आणि कार्ट्रिजमधील, म्हणजे खेळ साठवलेल्या डबीतील, चिप संथ असेल तर तो २.६८ वर उतरतो. या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे अन्यायाचे होईल, कारण सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर एकेक आज्ञा कमी ठोक्यांत उरकतो. तरीही, आर्केडचा खेळ ज्या जातीच्या प्रोसेसरवर लिहिला गेला त्याच जातीचा प्रोसेसर घरच्या यंत्रात असणे हा प्रोग्रॅमरसाठी केवढा मोठा आधार होता, याचा लेखात उल्लेखही नाही.

आता प्रत्यक्ष खेळांकडे येतो. लेखात फायनल फाइट या रस्त्यावरच्या मारामारीच्या खेळाच्या सुपर निन्टेन्डो आवृत्तीचे चित्र आर्केडच्या चित्राशेजारी छापून दोन्हींतील साम्याचे कौतुक केले आहे. साम्य आहेच. आकृत्या मोठ्या आहेत, कपड्यांच्या घड्या जागच्या जागी आहेत, रस्त्यावरचे दिवेही तसेच आहेत. पण १९८९ च्या मूळ आर्केड खेळात दोघांना एकत्र खेळता येत असे, आणि १९९० च्या सुपर निन्टेन्डो आवृत्तीत येत नाही. मूळ खेळात तीन नायकांतून एक निवडता येई. इथे गाय हा नायकच गायब आहे. कारखान्याचा संपूर्ण टप्पा वगळला आहे. आणि हे सगळे माफ केले तरी, पडद्यावर एका वेळी तीनपेक्षा जास्त शत्रू येतच नाहीत.

ही तीनची मर्यादा हाताला कशी जाणवते, हे मी मुद्दाम तपासून पाहिले. आर्केड आवृत्तीत चार-पाच जण दोन्ही बाजूंनी चालून येतात तेव्हा हॅगर या नायकाने एकाला पकडून उचलले की पाठीमागचे दोघे लगेच अंगावर येतात. त्यामुळे पकडलेल्या गड्याला कोणत्या दिशेला आपटायचे, म्हणजे तो पडताना बाकीच्यांनाही सोबत घेऊन पडेल, हा प्रश्न प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदात सोडवावा लागतो. फायनल फाइटचा सगळा जीव या निर्णयात आहे. सुपर निन्टेन्डोवर मात्र एकाला उचलले की उरतात दोघे, आणि ते दोघे बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. मग आपटण्याची दिशा कोणती, हा प्रश्न उरतच नाही. बटणे तीच, हालचाली त्याच, पण डोक्यातला खेळ वेगळा होऊन बसतो. खेळ कठीण झाला की सोपा, हा मुद्दा गौण आहे. त्याचे स्वरूपच बदलले, आणि ते शेजारीशेजारी छापलेल्या दोन चित्रांवरून कोणालाही कळणार नाही.

याला कारणे होती आणि ती समजून घेतली पाहिजेत. कार्ट्रिज अवघे ८ मेगाबिटचे होते, यंत्र नवे होते, आणि सुपर निन्टेन्डोला एका वेळी दोनच आकारांचे स्प्राइट, म्हणजे हलत्या आकृतीचे तुकडे, वापरता येतात, त्यामुळे भल्यामोठ्या आकृतीचे तुकडे पाडताना जागा वाया जाते. मेगा ड्राइव्हला ८ पासून ३२ पिक्सेलपर्यंत उंची-रुंदीचे हवे तसे तुकडे एकत्र वापरता येतात. कॅपकॉमने पुढे याच कन्सोलवर फायनल फाइट २ मध्ये दोन खेळाडूंची सोय परत आणली, म्हणजे यंत्राला ते अशक्य होते असे नाही. पहिल्या वर्षात ते जमले नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९९३ मध्ये सेगाच्या सीडी जोडणीवर आलेल्या फायनल फाइट सीडीत जोडीदारही आहे, गायही आहे आणि कारखानाही आहे. रंग मात्र फिकट आहेत. ती आवृत्ती आणि सुपर निन्टेन्डोची आवृत्ती यांतली मूळ खेळाच्या जवळची कोणती, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सीडीच्या आवृत्तीकडे बोट दाखवीन.

मेगा ड्राइव्हवर हीच भूक स्ट्रीट्स ऑफ रेजने १९९१ मध्ये भागवली. तो मुळात आर्केडचा खेळ नव्हताच, घरासाठीच लिहिला गेला; आकृत्याही फायनल फाइटपेक्षा लहान आहेत. पण दोन खेळाडू, अंगावर येणारी टोळी आणि एकमेकांना पाठीमागून धरून पलीकडे उडी घेण्याची सोय, यामुळे आर्केडमधली ती धमाल त्यात पुरेपूर उतरली आहे. गोल्डन ॲक्सचेही तसेच. १९८९ मधल्या मेगा ड्राइव्हच्या आवृत्तीत रंग कमी झाले, पण जोडीदार राहिला आणि शेवटी एक नवा टप्पाही वाढवला गेला.

इथे सुपर निन्टेन्डोच्या बाजूने एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे आहे. कोनामीचा टर्टल्स इन टाइम १९९१ मध्ये आर्केडमध्ये आणि १९९२ मध्ये सुपर निन्टेन्डोवर आला. आर्केडला चार खेळाडू होते, घरी दोन राहिले. पण मारामारीची लय, शत्रूला धरून डावीउजवीकडे आपटण्याचा झपाटा आणि शत्रूला थेट पडद्याच्या दिशेने भिरकावण्याची मजा, सगळे शाबूत राहिले आणि वर नवे टप्पे मिळाले. त्याच वर्षी मेगा ड्राइव्हवर आलेला हायपरस्टोन हाइस्ट चांगला खेळ आहे, पण त्यात शत्रूला पडद्यावर भिरकावता येत नाही आणि टप्पेही कमी आहेत. या जोडीत सुपर निन्टेन्डो उजवा, हे मी आनंदाने मान्य करतो. एका कन्सोलला सरसकट विजयी ठरवता येत नाही, असे मी म्हणतो ते अशाच उदाहरणांमुळे.

विमानातून गोळीबार करण्याच्या खेळांना लेखाने दोन ओळी दिल्या आहेत. खरे तर प्रतिस्पर्धी यंत्रांमधला फरक सर्वांत उघड दिसतो तो इथेच. पडद्यावर शंभर वस्तू हलवायच्या, प्रत्येकीची इतर वस्तूंशी टक्कर होते का ते पाहायचे, आणि हे सगळे सेकंदाच्या साठाव्या भागात संपवायचे, हे प्रोसेसरचे काम आहे. ते वेळेत संपले नाही की पुढचे चित्र उशिरा येते आणि खेळ मंदावतो. सुपर निन्टेन्डोच्या ग्रेडियस ३ मध्ये चार साथीदार गोळे घेऊन लेझर सोडायला लागलात की विमान पाण्यातून पोहत असल्यासारखे चालते. सुपर आर-टाइपही असाच अडखळतो, आणि त्यात भर म्हणजे विमान पडले की टप्पा पुन्हा अगदी पहिल्यापासून सुरू होतो. गोळ्यांची दाटी झाली की खेळ मंदावतो आणि ती विरळ झाली की अचानक पूर्ण वेग घेतो, त्यामुळे बोटांनी पकडलेला ताल दर दहा सेकंदांनी सुटतो. माझ्या दृष्टीने खेळाडूला सर्वांत जास्त त्रास या अचानक परत येणाऱ्या वेगाचा होतो. नुसता संथपणा एक वेळ सवयीचा होतो.

या बाबतीत थंडर फोर्स ३ चे उदाहरण मला नेहमी मोलाचे वाटते, कारण तो खेळ नेहमीच्या उलट दिशेने प्रवास करतो. टेक्नोसॉफ्टने तो १९९० मध्ये मेगा ड्राइव्हसाठी लिहिला. तो इतका पसंत पडला की त्याच वर्षी त्याची आर्केड आवृत्ती निघाली, आणि तीही सेगाच्या अशा बोर्डावर, ज्याची घडण मेगा ड्राइव्हच्याच जातकुळीची होती. १९९१ मध्ये ती आर्केड आवृत्ती थंडर स्पिरिट्स या नावाने सुपर निन्टेन्डोवर गेली. म्हणजे एकच खेळ, घरातून आर्केडमध्ये आणि आर्केडमधून प्रतिस्पर्ध्याच्या घरात. मूळ खेळातील गॉर्गन हा आगीचा टप्पा ज्यांनी खेळला असेल, त्यांना आठवत असेल की मागचे सगळे दृश्य उष्णतेने थरथरल्यासारखे लाटांत हलत असते, ज्वाला वरखाली झेपावतात, आणि तरीही विमान हाताच्या इशाऱ्याबरोबर सरकते. एका बटणाने विमानाचा वेग कमीजास्त करता येतो, दुसऱ्याने शस्त्र बदलता येते, आणि यातल्या कशासाठीही खेळ क्षणभर थबकत नाही. सुपर निन्टेन्डोवर तोच खेळ गर्दी झाली की मंदावतो. दोन्ही यंत्रांची आर्केड पद्धतीच्या खेळासाठी परीक्षा घ्यायची असेल, तर प्रश्नपत्रिका म्हणून मी याच खेळाची शिफारस करीन.

मात्र यावरून सुपर निन्टेन्डोला गोळीबाराचे खेळ झेपतच नाहीत, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. कम्पाइलचा सुपर अलेस्ते १९९२ चा आहे आणि तो सुसाट धावतो. ग्रेडियस ३ सारखे सुरुवातीचे खेळ संथ चिपच्या कार्ट्रिजवर, यंत्राची ओळख पुरती होण्याआधी लिहिले गेले होते. २०१९ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने ग्रेडियस ३ मध्ये बदल करून निन्टेन्डोच्याच काही कार्ट्रिजांत असलेली एसए-१ ही मदतनीस चिप वापरली, तेव्हा तो खेळ न मंदावता चालू लागला. अर्थात त्याबरोबर खेळाडूंना एक नवीच अडचण आली: मंद गतीवर बेतलेले कठीण टप्पे पूर्ण वेगात भलतेच अवघड झाले. मूळ १९८९ चा आर्केड ग्रेडियस ३ देखील मंदावत असे, ही गोष्टही विसरू नये. एसएनकेचा मेटल स्लग २ तर १९९८ मध्ये आर्केडमध्येच इतका रेंगाळत असे की पुढच्या वर्षी मेटल स्लग एक्स या सुधारित आवृत्तीत त्यावर उपाय करावा लागला. आर्केडचे यंत्र म्हणजे परिपूर्ण आणि घरचे यंत्र म्हणजे त्याची तोकडी नक्कल, हे लेखातले गृहीतकही त्यामुळे तपासून घ्यायला हवे.

स्ट्रीट फायटर २ बद्दल लेखात बरेच आहे, पण पॅडबद्दल एक वाक्यही नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. आर्केडमध्ये या खेळाला सहा बटणे आहेत: तीन ठोशांची, तीन लाथांची, प्रत्येकात हलका, मध्यम आणि जोरदार असा क्रम. १९९२ मध्ये तो सुपर निन्टेन्डोवर आला, तेव्हा त्या पॅडवर योगायोगाने सहा बटणे होती, पण चार समोर आणि दोन खांद्यांवर. त्यामुळे जोरदार ठोसा डाव्या खांद्याच्या बटणावर आणि जोरदार लाथ उजव्या खांद्यावर गेली. म्हणजे आर्केडमध्ये जे काम एका हाताची तीन बोटे ओळीने करतात, त्यासाठी इथे उजव्या अंगठ्यासोबत दोन्ही हातांच्या तर्जन्या लागतात, आणि डाव्या हाताचा अंगठा हाडोकेन या गोळा फेकण्याच्या डावासाठी खालून पुढे फिरत असताना त्याच हाताच्या तर्जनीने जोरदार ठोसा द्यावा लागतो. सवय होते; मला ती झाली. पण आर्केडमध्ये शिकलेला हात इथे पुन्हा पहिल्यापासून शिकतो.

मेगा ड्राइव्हकडे तर तीनच बटणे होती. सेगाने १९९३ मध्ये सहा बटणांचा पॅड काढला, ज्यात बटणे आर्केडसारखी तीन-तीनच्या दोन ओळींत बसवली आहेत, आणि त्याच वर्षी २४ मेगाबिटच्या कार्ट्रिजवर या खेळाची स्पेशल चॅम्पियन एडिशन आली. ज्यांच्याकडे जुनाच पॅड होता, त्यांना ठोशांवरून लाथांवर जाण्यासाठी स्टार्टचे बटण दाबावे लागे. चालू लढतीत हे करून पाहावे, म्हणजे त्यातला त्रास कळतो: समोरचा गडी उडी मारून अंगावर येत आहे, खालच्या लाथेने त्याला अडवायचे आहे, आणि अंगठा आधी पॅडच्या मध्यावरचे स्टार्ट शोधतो आहे. तेवढ्यात लाथ बसलेली असते. म्हणजे एकाच कार्ट्रिजचे एकाच कन्सोलवर, नुसत्या पॅडमुळे, दोन वेगळे खेळ होतात. नव्या पॅडवर मात्र, आणि विशेषतः त्याच्या गोलसर दिशाबटणामुळे, अर्धवर्तुळाचे डाव ज्या सहजतेने निघतात ती सहजता मला सुपर निन्टेन्डोच्या कडक फुलीवर मिळत नाही. आवाजाच्या बाबतीत सुपर निन्टेन्डो फार पुढे आहे, यात शंका नाही. मेगा ड्राइव्हवरच्या लढवय्यांच्या आरोळ्या घसा बसल्यासारख्या येतात. पण आरोळी खरखरीत आल्याने डाव चुकत नाही, हे लक्षात घ्यायला हवे.

मॉर्टल कॉम्बॅटबद्दल थोडक्यात लिहितो. १९९३ मध्ये दोन्ही कन्सोलांवर एकाच दिवशी आलेल्या या खेळाची चर्चा आजही रक्ताच्या अंगानेच होते: सुपर निन्टेन्डोवर रक्ताऐवजी घाम, मेगा ड्राइव्हवर सांकेतिक बटणे दाबली की रक्त. चित्रे सुपर निन्टेन्डोची अधिक सुंदर आहेत. पण दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग एक खेळून पाहणाऱ्याला पहिल्याच लढतीत कळते की मेगा ड्राइव्हची आकृती बटणाला लगेच उत्तर देते आणि सुपर निन्टेन्डोची किंचित रेंगाळते. तिथे रक्त असो वा घाम, माझ्या लेखी निकाल तेवढ्यावरच लागतो.

लेखात मोड ७ विषयी जे विधान आहे ते दुरुस्त करण्याची विनंती करतो. मोड ७ मुळे सुपर निन्टेन्डो पडद्यावरच्या आकृत्या लहानमोठ्या करू शकतो, असे तिथे म्हटले आहे. मोड ७ फक्त पार्श्वभूमीचा एक थर फिरवतो आणि ताणतो. धावणाऱ्या आकृत्या, म्हणजे स्प्राइट, त्याच्या आवाक्यात येत नाहीत. एफ-झीरोमधला रस्ता अप्रतिम गुळगुळीत वळतो, पण त्यावरच्या इतर गाड्या जवळ येताना पाहिल्या तर त्या आधी काढून ठेवलेल्या वेगवेगळ्या आकारांच्या चित्रांतून मोठ्या होत असतात. सेगाच्या आउटरन किंवा आफ्टर बर्नर २ यांच्या आर्केड यंत्रांत स्प्राइट ताणणारी वेगळी व्यवस्थाच होती. ती ना मेगा ड्राइव्हमध्ये होती, ना सुपर निन्टेन्डोमध्ये, आणि म्हणून या जातीचे खेळ घरी आणताना दोघांचीही सारखीच तारांबळ उडाली. मेगा ड्राइव्हच्या आउटरनमध्ये कडेची झाडे धक्क्याधक्क्याने मोठी होतात; तरी गाडीचा वेग आणि वळणावरची ओढ त्यात आहे, हे मी आवर्जून सांगेन.

पुरवणीतल्या लेखाने ही लढत दोघांचीच मानली, त्यामुळे दोन यंत्रे पूर्णपणे बाहेर राहिली. एनईसी आणि हडसन यांचे पीसी इंजिन १९८७ चे, म्हणजे मेगा ड्राइव्हच्याही आधीचे. त्याचा प्रोसेसर ८ बिटांचा असला तरी ७.१६ मेगाहर्ट्झवर पळत होता, आणि पुढच्याच वर्षी त्यावर आलेला आर-टाइप जपानमध्ये दोन कार्डांत विभागून द्यावा लागला असला, गर्दीत स्प्राइट लुकलुकत असले, तरी खेळताना तो आर-टाइपच आहे. सुपर आर-टाइपपेक्षा तो तीन वर्षांनी जुना आहे, हे ध्यानात घेऊन दोन्ही खेळून पाहावेत. दुसरे यंत्र एसएनकेचे निओ जिओ, १९९० चे. तिथे आर्केडमधले आणि घरातले यंत्र आतून एकच होते, प्रोसेसर तोच ६८०००, पण १२ मेगाहर्ट्झवर, पडद्यावर ३८० स्प्राइट आणि एका आडव्या रेषेवर ९६. मेगा ड्राइव्हला एका रेषेवर २० आणि सुपर निन्टेन्डोला ३२ झेपतात, यावरून अंदाज यावा. आर्केडमध्ये अर्धवट राहिलेला खेळ मेमरी कार्डावर घेऊन घरी पुढे चालू करता येत असे. ते यंत्र फार थोड्यांना परवडले, पण तुलनेची वरची रेघ म्हणून त्याचा उल्लेख हवाच होता.

आणखी एक मुद्दा, जो मला स्वतःला फार उशिरा उमगला. काही वर्षांपूर्वी मी जुने कन्सोल नव्या सपाट पडद्याच्या टीव्हीला जोडले आणि ज्या उड्या मला झोपेतही चुकल्या नसत्या त्या एकामागून एक चुकू लागल्या. कन्सोल बिघडला, पॅडचे रबर झिजले, असे सगळे तर्क करून मी पॅड दोनदा उघडला आणि पुसला. दोष टीव्हीत होता. जुन्या कन्सोलचा २४० रेषांचा संकेत अनेक नवे टीव्ही वेगळ्याच प्रकारचा समजतात, त्यावर प्रक्रिया करत बसतात आणि चित्र दोन-तीन फ्रेम (एक फ्रेम म्हणजे पडद्यावरचे एक चित्र) उशिरा दाखवतात. म्हणजे ३० ते ५० मिलिसेकंद. वाचायला हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ज्या खेळात डाव टाकायची संधीच तीन-चार फ्रेमची असते, तिथे तो सगळे उलथेपालथे करतो. काचेच्या जुन्या टीव्हीवर तोच कन्सोल त्याच पॅडसह जोडला आणि पहिल्याच प्रयत्नात उडी बसली. आपल्या लेखकांनी तुलना कोणत्या पडद्यावर केली, हे लेखात कुठेच आलेले नाही.

तसेच आवृत्ती कोणत्या प्रदेशाची, हेही सांगितलेले नाही. युरोपात टीव्हीचा ठोका ५० चा होता आणि जपान व अमेरिकेत ६० चा. ६० साठी लिहिलेले बहुतेक खेळ युरोपात दुरुस्ती न करता तसेच विकले गेले, आणि ते सुमारे १७ टक्के हळू चालत, वर-खाली काळ्या पट्ट्यांसह. दोन्ही कन्सोलांवर हे घडले. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या प्लेस्टेशन क्लासिकमध्येही वीसपैकी नऊ खेळ युरोपीय आवृत्तीचेच दिले होते, आणि त्यांत टेकन ३ सारखा आर्केडमधून आलेला, क्षणाक्षणावर चालणारा खेळ होता. अशी आवृत्ती हातात घेऊन कोणी टेकन ३ संथ आहे असा निष्कर्ष काढला, तर त्यात त्या खेळाचा दोष काय? लेखात मेगा ड्राइव्हचे काही खेळ सुस्त असल्याचे म्हटले आहे. ती युरोपीय कार्ट्रिजे होती का, याचा खुलासा झाल्यास बरे होईल.

पुढच्या भागात सेगा सॅटर्न आणि सोनी प्लेस्टेशन यांची तुलना येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे, म्हणून एक सूचना आताच करतो. दोन्ही १९९४ च्या अखेरीस जपानमध्ये आले, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण त्रिमितीय चित्रांवर थांबतात. त्याऐवजी एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर घ्यावा. या खेळाचा आत्माच असा की प्रत्येक बाजूला दोन लढवय्ये असतात आणि ऐन लढतीत एकाला मागे घेऊन दुसऱ्याला पुढे करता येते. सॅटर्नला ४ मेगाबाइटचे जादा मेमरीचे कार्ट्रिज जोडले की हे जसेच्या तसे होते. प्लेस्टेशनच्या आवृत्तीत मेमरीअभावी ही अदलाबदलच काढून टाकली आहे; जोडीदार मदतीला क्षणभर येऊन जातो, एवढेच. उलट टेकन ज्या आर्केड बोर्डावर चालत होता, तो प्लेस्टेशनच्याच घडणीवर बेतलेला होता, त्यामुळे तो घरी आला तेव्हा हाताला काही बदलल्यासारखे वाटलेच नाही. सॅटर्नवरच्या डेटोना यूएसएचे दूरचे डोंगर एकदम समोर उगवतात आणि आर्केडमधले ६० फ्रेम तिथे २० वर आले आहेत, पण स्टिअरिंगची घसरण पकडण्यातली मजा त्यात टिकली की नाही, हे चित्रे पाहून ठरवता येणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या भागात प्रत्येक खेळासोबत त्याची आवृत्ती ५० च्या ठोक्याची की ६० च्या, तो कोणत्या पॅडवर आणि कोणत्या पडद्यावर खेळला, आणि दोन खेळाडूंनी मिळून खेळून पाहिला का, एवढ्या गोष्टी चौकटीत द्याव्यात, आणि शक्य असल्यास पहिल्या भागातील फायनल फाइट व मोड ७ विषयीच्या दुरुस्त्याही त्याच अंकात छापाव्यात. लेखकांना थंडर फोर्स ३ आणि थंडर स्पिरिट्स एकाच बैठकीत खेळून पाहण्यासाठी दोन्ही कार्ट्रिजे, सहा बटणांचा पॅड आणि काचेचा टीव्ही उपलब्ध करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक